हातचं नाव

स्टेजवरचं नाव सगळ्यांचं. सफायर.
माइकवरून ते दर रात्री चार वेळा पुकारलं जातं,
कुणीही घ्यावं तोंडात.

पण तिसऱ्या ग्लासानंतर माणूस पुढे वाकतो
आणि विचारतो, खरं नाव काय गं?
एक एक करून सगळं उतरलेलं त्यानं बघितलेलं असतं,
तरी त्याला वाटतं अजून काहीतरी अंगावर राहिलंय.
बरोबरच वाटतं त्याला.

तेव्हा मी जरा थांबते,
दाराकडे बघते, आवाज खाली आणते.
मार्लिस.
कुणाला सांगू नकोस हं.

मार्लिस म्हणजे हातचा एक.
बेरीज करताना वर कोपऱ्यात बारीक लिहितात ना, तसा.
तिला मी हात न आखडता दिलंय:
उत्तरेकडचं दोन चर्चचं गाव, एका कानानं बहिरा कुत्रा,
स्ट्रॉबेरी खाल्ली की अंगावर उठणारं पित्त,
अकरा नोव्हेंबरचा वाढदिवस.
खोटं बोलायचं तर ऐसपैस बोलावं.
तुटक खोटं लोक उकरत बसतात.

माझ्या डाव्या बरगडीखाली
लेकीच्या पावलाचा ठसा गोंदलेला आहे,
ती दोन दिवसांची होती तेव्हाचा.
रोज संध्याकाळी तो मी बुजवते.
आधी नारिंगी, मग कातडीचा रंग, मग पावडर.
घरी येऊन धुतला की पाचही बोटं परत येतात.

बाकीचं हिवाळ्यावर सोडते.
डुलुथमध्ये सरोवरावरून बर्फ येतो तो एप्रिलपर्यंत हलत नाही.
गाडी दोन गल्ल्या वर, बंद लाँड्रीच्या मागे.
काच पुसते, आरसे पुसते,
नंबरप्लेटवरचा बर्फ राहू देते.

पण तोच बर्फ चहाडखोर.
मागच्या दारापासून गाडीपर्यंत माझी पावलं
सरळ रेघेत लिहून ठेवतो,
कुणी यावं आणि वाचावं.
म्हणून टाउनो, दारावरचा, साठीचा, गुडघ्यानं अधू,
फावडं घेऊन माझ्यामागून चालतो,
आणि मी गाडी सुरू केली की उलटा जात जात
माझं जाणं पुसून टाकतो.
सात वर्षांत त्यानं मला सफायर म्हटलं नाही, मार्लिस म्हटलं नाही.
ए, जपून, एवढंच म्हणतो.

गेल्या अकरा नोव्हेंबरला वेंडेल आला,
खनिजाच्या धक्क्यावरून निवृत्त झालेला, गुरुवारचा.
हातात केकचा खोका.
स्ट्रॉबेरी नाही यात, तो म्हणाला, दोनदा विचारलं दुकानात.
शिवाय अंधारात चमकणारा एक पट्टा,
कुत्र्याला गाडीचा आवाज ऐकू येत नसेल म्हणून.

मी संडासात जाऊन रडले.
नेमकं कोण रडलं ते मला ठरवता येईना.
माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो.
तिथे तो कुणालाच माहीत नाही, ती व्यवस्था माझीच,
चोख.

मग एका रविवारी, किराणा दुकानात,
दुधाच्या कपाटापाशी तो. बरोबर बायको.
माझ्याबरोबर लेक, ढकलगाडीवर उभी राहून
आई, आई, आई, नऊ वर्षांची आणि घाईतली.
बरं आहे, तिच्या हाकेत नाव नसतं.
वेंडेलनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे,
मग दह्याचा डबा उचलून
झाकणावरचं सगळं वाचलं, तारखेसकट,
आणि बायकोला म्हणाला, चल, अंडी तिकडे आहेत.

त्या दिवशी फावडं त्याच्या हातात होतं.

आणि आता तुम्ही.
इथवर आलात, जरा पुढे वाकलात,
दिसतंय मला.
थांबा.
दाराकडे बघते, आवाज खाली आणते.
व्हेरा.
कुणाला सांगू नका हं.
कुत्र्याचं नाव हवं असेल, तर तेही आहे.